ग्रेव्हरचं टोक सारखं तुटतंय, कट चमकत नाही? पॉलिश थांबवा, आधी फेस मागे घ्या

हाताने कोरीवकाम करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला कधी ना कधी छळणारा प्रॉब्लेम आहे हा. ग्रेव्हरला, म्हणजे धातूवर रेघ कोरायच्या टोकदार हत्याराला, धार लावली, पॉलिश केलं, सुरुवातीच्या रेघा एकदम सुरेख येतात, कट आतून लखलखतो, आणि मग मधेच टूल घसरतं किंवा कटची एक बाजू काळपट यायला लागते, भिंगाखाली धरून बघावं तर टोकाचा बारीकसा टवका उडालेला. मग काय, सिरॅमिकच्या चकतीवर परत थोडं घासायचं, परत जरा वेळ बरं चालतं, परत टवका. पहिले पाढे पंचावन्न. आणि गंमत अशी की दरवेळी धार लावल्यावर टूल आधीपेक्षा थोडं वाईटच चालतं, वळणावर जास्त घासतं, जास्त जोर मागतं. लोक मग दगड बदलतात, पेस्ट बदलतात, महागडं कार्बाइडचं टूल घेतात आणि तेही तुटतं.

माझं स्पष्ट मत आहे की यातल्या बहुतेक केसेसमध्ये दोष स्टीलचा नसतो, पेस्टचाही नसतो. आपण चुकीच्या पृष्ठभागावर काम करत बसतो म्हणून हे परत परत होतं. ते कसं ते नीट सांगतो.

आधी शब्द क्लिअर करून घेऊ. फेस म्हणजे टूलचा समोरचा तिरका कापलेला भाग, ज्याच्यावरून किस वर सरकतो. हील म्हणजे खालच्या अंगाला टोकाला लागून दिलेले छोटे पैलू, व्ही ग्रेव्हरला दोन, फ्लॅटला एक. या हीलवर टूल टेकतं, हीलमुळे मूठ वर उचलली जाते आणि कटच्या भिंतींना जी चमक येते तीही हीलमुळेच येते, कारण कटच्या भिंतीवरून शेवटी तीच घासून जाते. फेस आणि हील जिथे भेटतात ती धार.

आता मुद्द्याची गोष्ट. हील घासली की हील लांब होते. फेस घासला की हील आखूड होते. एवढं डोक्यात पक्कं बसलं की अर्धं कोडं तिथेच सुटतं. टवका उडाल्यावर आपण काय करतो, तर पटकन हीलचे दोन पैलू सिरॅमिकवर चार वेळा फिरवतो, कारण ते सोपं आहे, लवकर होतं आणि चमक लगेच दिसते. पण टवका फेसच्या बाजूनेही आत गेलेला असतो, तो हील घासून जात नाही, किंवा गेलाच तर अर्धवट जातो आणि तिथे केसासारखी चीर शिल्लक राहते. दुसरीकडे हील दरवेळी थोडी थोडी लांब होत जाते. लांब हील वळणावर बाहेरच्या भिंतीला घासते, तिथे कटच्या बाहेर एक मळकट पट्टा किंवा दुसरी पुसट रेघ दिसते, टूल वळायला तयार नसतं म्हणून आपण मनगटाने ते पिळतो, आणि पिळलं की ते आधीच चीर असलेलं टोक कडकन जातं. म्हणजे तुटणं, घासणं आणि काळपट कट या तीन वेगळ्या तक्रारी नाहीतच, एकाच चक्राच्या तीन बाजू आहेत.

त्यामुळे टवका दिसला की पहिलं काम म्हणजे फेस मागे घेणं. 600 ग्रिटच्या डायमंड लॅपवर (लॅप म्हणजे घासायची सपाट चकती, ग्रिटचा आकडा जितका मोठा तितकी ती बारीक), टवका मोठा असेल तर 260 वर, फेस तोपर्यंत घासायचा जोपर्यंत टवका पूर्ण जातो आणि त्याच्याही किंचित पुढे. हील बहुतेक सगळी निघून गेली तरी हरकत नाही, उलट चांगलंच. मग 1200, मग फेसचं पॉलिश, आणि सगळ्यात शेवटी नवी कोरी छोटी हील. बारीक कामाला 0.3 ते 0.5 मिलिमीटर लांबीची हील भरपूर होते, अगदी घट्ट वळणं असतील तर त्याहून कमी. सरळ लांब रेघांना जरा लांब हील चालते, ती टूलला सरळ धरून ठेवते.

हे ऐकून बरेच जण म्हणतात की दरवेळी एवढा फेस घासायचा म्हणजे वेळ किती जाईल. तो वेळ जातो कारण टूलच्या पाठीवरचं जादाचं स्टील काढलेलं नसतं. पूर्ण जाडीचा चौकोनी ब्लँक, म्हणजे ज्यातून टूल घडवतो ती कांडी, असेल तर फेस केवढा तरी मोठा होतो आणि धार फक्त त्याच्या खालच्या टोकाला लागते, बाकी सगळं उगाच घासलं जातं. ब्लँकची वरची बाजू पुढच्या भागात उतरती घासून काढा, म्हणजे फेस छोटासा उरतो आणि 1200 वर काही सेकंदांत साफ होतो. हे एकदाच करायचं काम आहे आणि ज्यांनी केलेलं नाही त्यांनी बाकी काहीही करायच्या आधी हे करावं, खरंच सांगतो, धार लावायचा कंटाळाच निघून जातो आणि कंटाळा गेला की टूल अर्धवट धारेवर चालवायची सवयही जाते.

पॉलिश करतोय पण धारेपर्यंत पोचतच नाही

हा प्रकार इतका कॉमन आहे आणि इतका लपून राहतो की याच्यावर जरा जास्त लिहितो.

फेस किंवा हील नुसत्या डोळ्यांनी बघितली तर आरसा. कट मात्र ओरखड्यांचा. कारण बहुतेक वेळा असं असतं की ज्या फिक्स्चरमध्ये (धार लावताना टूल ठराविक कोनात धरणारं साधन) टूलची मागची बाजू एका खांबावर टेकते आणि टोक लॅपवर, त्यात कोन लॅपच्या उंचीवर ठरतो. डायमंड लॅप पातळ, सिरॅमिक लॅप जाड, असं असेल तर लॅप बदलल्याबरोबर टोक थोडं वर उचललं जातं आणि कोन एखाद-दुसऱ्या डिग्रीने कमी होतो. कोन कमी झाला की पृष्ठभागाची मागची कड लॅपला लागते आणि धार हवेत राहते. मग कितीही वेळ पॉलिश करा, मागचा भाग चकचकीत होत जातो, धारेलगतची पट्टी 1200 च्या ओरखड्यांसकट तशीच राहते, आणि कापायचं काम तर तीच पट्टी करते!

हे पकडायचा उपाय फुकटचा आहे. परमनंट मार्कर घ्या, फेस आणि हील दोन्ही रंगवा, वाळू द्या. आता सिरॅमिकवर अगदी हलक्या हाताने एक-दोनदाच फिरवा आणि भिंगाखाली बघा. शाई सगळीकडून सारखी गेली तर कोन जुळलाय. धारेपाशी शाईची बारीक काळी रेघ शिल्लक असेल तर टूल खाली झुकलंय, खांब वर घ्या किंवा पातळ लॅपखाली तेवढ्या जाडीची चकती घालून दोन्ही लॅप एका उंचीला आणा. फक्त धारेपाशीच शाई गेली आणि मागे सगळी शिल्लक आहे, तर कोन जास्त झालाय. हे दुसरं थोड्या प्रमाणात वाईट नाही, शेवटच्या पॉलिशला मुद्दाम अर्धी ते एक डिग्री वर घेऊन फक्त धारेलगतची पट्टी पॉलिश करणारे लोक आहेत आणि ते छान काम करतं, पण जपून, अगदी थोडं, नाहीतर हळूहळू मूळ कोनच बदलून बसतो.

हाताने, फिक्स्चरशिवाय धार लावणाऱ्यांनाही शाईची हीच टेस्ट लागू आहे. त्यांच्याकडे कोन लॅपमुळे बदलत नाही, मनगटामुळे बदलतो, फेस किंचित फुगीर होतो. फुगीर फेस म्हणजे धारेपाशी कोन वेगळाच.

अजून एक सवय लावून घ्या. एका ग्रिटवरून पुढच्या ग्रिटवर जाताना घासायची दिशा बदला, शक्यतो काटकोनात. म्हणजे आधीचे ओरखडे उभे आणि नवे आडवे दिसतात आणि जुने पूर्ण गेले की नाही हे बघूनच कळतं. एकाच दिशेने घासत राहिलं तर नवे-जुने ओरखडे एकमेकांत मिसळून जातात आणि आपल्याला वाटतं झालं, पण 600 चा एखादा खोल ओरखडा धारेपर्यंत आलेला असतो. असा ओरखडा जिथे धारेला भेटतो तिथे धार आतून करवतीसारखी दातेरी असते, आणि पुढचा टवका तिथूनच उडतो.

कट बघून दोष ओळखा

टूल तासन् तास बघण्यापेक्षा तांब्याच्या किंवा पितळेच्या पट्टीवर एक रेघ मारून ती बघितली तर जास्त कळतं.

कटच्या भिंतीवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत लांबच लांब बारीक रेघा दिसतायत, तर हीलच्या धारेवर ओरखडा आहे, तोच कटमध्ये उमटतोय. एक भिंत चमकते आणि दुसरी काळपट, तर त्या बाजूचा हीलचा पैलू नीट पॉलिश झालेला नाही. तोच पैलू परत करा, दोन्ही नको. कट चमकत सुरू होतो आणि मधेच मळकट होतो, तर एकतर टोक आत्ता गेलं किंवा फेसवर धातू चिकटलाय, अॅल्युमिनियम आणि मऊ तांब्यात हे फार होतं, तिथे टोकाला कटिंग ऑइलचा किंवा विंटरग्रीन तेलाचं अगदी जरासं बोट लावा आणि फरक बघा. कटच्या दोन्ही काठांवर बर, म्हणजे धातूची खरखरीत कड, उठून येतेय, बोटाला टोचतेय, तर धार बोथट आहे.

रेघ सारखी एका बाजूला ओढली जाते असं असेल तर टूल समोरून बघा. दोन्ही पैलू सारखे आहेत का आणि मधली कड बरोबर मधे येते का. गोल ब्लँक फिक्स्चरच्या स्क्रूखाली किंचित फिरतो आणि लक्षातच येत नाही, त्याच्यावर स्क्रू बसायला एक सपाट जागा घासून घ्या. पैलू लहान-मोठे झाले असतील तर लहान पैलू वाढवून बरोबरी करायच्या नादी लागू नका, त्याने हील लांबच होणार, फेस मागे घेऊन हील जवळजवळ संपवा आणि दोन्ही पैलू नव्याने, सारख्याच दाबाने आणि सारखेच स्ट्रोक मोजून करा.

टूल घसरतं, चावतच नाही. नखावर टेस्ट करा, टोक अंगठ्याच्या नखावर तिरकं, नुसतं टेकवायचं, दाबायचं नाही. पकडलं तर धार आहे, सरकलं तर नाही. धार असूनही घसरत असेल तर तुमचा हात हीलच्या कोनापेक्षा खाली आहे, म्हणजे हीलची मागची कड टेकतेय आणि टोक वर राहतंय. आणि उलट टूल सारखं खोल घुसत असेल तर हात हीलपेक्षा वर आहे किंवा हील उरलेलीच नाही.

चमकतंय आरशासारखं पण चावत नाही, याचं आणखी एक कारण म्हणजे चामडं. चामड्यावर हिरवी पेस्ट, म्हणजे क्रोमियम ऑक्साइड, लावून पॉलिश केलं तर दिसायला भारी दिसतं पण चामडं मऊ असतं, ते दाबलं जातं आणि धारेच्या मागून वर येतं, धार गोल होते. सुरीला ते चालून जातं, ग्रेव्हरला नाही. कडक पृष्ठभाग वापरा, सिरॅमिक लॅपवर 0.5 मायक्रॉनचा डायमंड स्प्रे सगळ्यात खात्रीचा, नाहीतर सपाट कडक लाकूड, आणि लाकडावर टूल कायम मागे ओढायचं, पुढे ढकलायचं नाही.

कोन

कोनांवर वाद घालायला लोकांना आवडतं, पण टोक तुटण्याच्या संदर्भात एकच हिशोब बघायचा. फेस 45 डिग्री आणि हील 15 डिग्री असेल तर मधल्या कडेवर धारेशी स्टीलचा एकूण कोन साधारण 60 होतो. चांदी, तांबं, सोनं, पितळ यांना हे व्यवस्थित. स्टील कोरत असाल, खास करून स्टेनलेस, तर फेस 50 ते 55 करा, हील 15 ते 20 ठेवा, म्हणजे धारेशी 65 ते 75 डिग्रीचं स्टील उभं राहतं आणि टोक टिकतं. कोन वाढवला की जोर जास्त लागतो हे खरं, पण जे टूल रेघेच्या मधे तुटतं त्याच्या सहज चालण्याचा उपयोग तरी काय. तसंच व्ही किती उघडा आहे हेही बघा. 90 डिग्रीचं टोक 120 च्या मानाने नाजूक असतं, कडक धातूत 105 ते 120 जास्त साथ देतं. अगदी बारीक बिंदूंच्या बुलिनो कामाचं गणित वेगळं, तिथे धातू फार कमी निघतो त्यामुळे बारीक टोकही चालून जातं.

मटेरियल आणि उष्णता

साध्या कार्बन स्टीलच्या टूलला बेंच ग्राइंडरवर आकार देताना टोक निळं झालं तर तेवढ्या भागाचं पाणी उतरलं समजा. साधारण 200 डिग्री सेल्सियसच्या पुढे ते मऊ पडायला लागतं, निळा रंग येतो तोपर्यंत 300 च्या आसपास गेलेलं असतं. असं टोक कितीही पॉलिश करा, रेघेगणिक बोथट होणार, वाकणार. निळा भाग पूर्ण घासून मागे या, आणि यावेळी सावकाश, मधेमधे पाण्यात बुडवत. हायस्पीड स्टीलला रंग आला म्हणून घाबरायचं कारण नाही, ते 500 डिग्रीच्या पुढेही आपला कडकपणा धरून ठेवतं, पण तापलेलं असताना एकदम पाण्यात घालू नका. कार्बाइडला तर मुळीच नाही, बारीक चिरा जातात आणि मग आपण म्हणतो कार्बाइड खराब निघालं.

कार्बाइडला डायमंडच लागतो, अॅल्युमिनियम ऑक्साइडच्या नेहमीच्या दगडावर ते नुसतं घासत राहतं. ते कडक आहे तितकंच ठिसूळ आहे, सरळ ढकललेलं सहन करतं, बाजूने पिळलेलं नाही. रेघ संपवताना टूल वर उचकटून किस तोडायची सवय असेल तर कार्बाइडचं टोक त्या झटक्यालाच जातं. पुढे जात जात मूठ हळूहळू खाली घ्या, टूल आपोआप वर येतं आणि किस सुटतो. हायस्पीड स्टीलचं दुखणं वेगळं, त्याला धार लावल्यावर बारीक बर राहते, भिंगाखाली ती धारेसारखीच दिसते, पहिल्याच कटमध्ये वाकते किंवा तुटते आणि सोबत धारेचा तुकडा घेऊन जाते. खऱ्या कामाला हात लावायच्या आधी टोक कडक लाकडात एकदा हलकेच टोचा किंवा पितळेच्या पट्टीवर एक छोटा कट घ्या, बर निघून जाते, मग नखावर परत तपासा.

लॅपची स्वच्छता

सगळं बरोबर करूनही पॉलिशमध्ये एखादाच लांब ओरखडा येत राहतो तो बहुतेक वेळा मागच्या ग्रिटचा कण असतो. 600 वरून टूल तसंच सिरॅमिकवर नेलं तर टूलला आणि फिक्स्चरला चिकटलेला एखादा डायमंडचा कण सिरॅमिकवर जाऊन बसतो आणि मग तो तिथून दरवेळी ओरखडा काढतो. प्रत्येक ग्रिटनंतर टूल आणि फिक्स्चर दोन्ही पुसा, वेगळ्या फडक्याने. सिरॅमिकवर कण बसलाच असेल तर भांडी घासायच्या साबणाने आणि ब्रशने धुवून नवा स्प्रे मारा. डायमंड लॅपही किसाने भरला की कापत नाही, नुसता तापवतो, तोही असाच धुवायचा. घासताना पाणी किंवा लॅपिंगचं तेल ठेवा आणि कार्बाइडची पूड फुंकून उडवू नका, त्यात कोबाल्ट असतं, ओल्या फडक्याने पुसून घ्या. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, तुटलेलं टोक कुठल्या दिशेला उडेल ते सांगता येत नाही.

एवढं करूनही त्याच जागी तुटतंय

त्याच जागी, म्हणजे कामाच्या तुकड्यावर त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा तुटलं तर टूलकडे बघू नका, कटमध्ये बघा. तुटलेलं टोक तिथेच रुतून बसलेलं असण्याची शक्यता खूप आहे. नवी धार लावून आपण त्याच रेघेत परत ढकलतो आणि ताजं टोक त्या जुन्या तुकड्यावर जाऊन आदळतं. कार्बाइडवर कार्बाइड, तुटणारच. उजेड तिरका पाडून भिंगाखाली बघा, कटच्या तळाशी वेगळ्या रंगाचा, राखाडी चमकणारा कण दिसेल. तो समोरून ढकलून निघत नाही, आणखी आत जातो. उलट्या दिशेने, तो जसा आत गेला तसाच मागे येईल असा, जुन्या फेकायच्या टूलच्या टोकाने उचकटून सैल करा, अगदीच नाही हलला तर त्याच्या दोन्ही बाजूंचा धातू जुन्या टूलनेच थोडा थोडा काढून त्याला मोकळा करा. कण बाहेर आला की तो नीट बघून बाजूला काढा, कटमध्ये दुसरा तुकडा नाही याची खात्री करा, आणि त्यानंतरच नवं धार लावलेलं टूल त्या रेघेत घाला.